‘फटक्याशिवाय कळत नाही’ हा समज चुकीचा

कोल्हापुरात शिवाजी पेठेत, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, कुठंही ऐका: “पोराला दोन फटके दिल्याशिवाय बरं-वाईट कळत नाही.” लहान मूल म्हणजे मातीचा गोळा, असं त्यात धरलेलं असतं. ते तसं नाही.

वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दीड वर्षाच्या मुलांसमोर कपड्यांचा चिमटा पाडला. पाडणाऱ्याचा हात तिथवर पुरत नाही असं दिसताच बरीच मुलं तो उचलून देत. मुद्दाम टाकलेला चिमटा मात्र फारसं कुणी उचलत नसे. शिकवण नाही, बक्षीस नाही! मला हे फार मोलाचं वाटतं.

पुढं तीन-चार वर्षांची मुलं नियमांतही फरक करतात. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात डबा उघडला तरी चालेल, पण मित्राला ढकलणं तरीही वाईटच, असं ती सांगतात.

मार खाल्लेलं पोर पहिल्यांदा शिकतं ते पकडलं न जायला. “तू ढकललंस, त्याचा गुडघा फुटला, बघ कसा रडतोय,” असं सांगितलं की लक्ष स्वतःच्या गालावरून दुसऱ्याच्या दुखण्याकडं जातं. हे एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागतं. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदीच आहे.