चेन झिजते ती आतून

पावसाळ्यात पुण्याच्या वेताळ टेकडीवरून खाली आलेल्या माउंटन बाइकची चेन अंगठा आणि तर्जनीत धरून बघा. बोटांना काळा लगदा लागेल. बोटं एकमेकांवर चोळली की त्यात कचकच जाणवते. हा लगदा म्हणजे तेल, दगडाची पूड आणि चेनमधूनच निघालेला लोखंडाचा कीस. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासून बसवायला ग्राइंडिंग पेस्ट वापरतात, तिची कृती याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की चेनमध्ये ती आपण नकळत तयार करतो आणि वर पायाचा सगळा जोर लावतो.

सह्याद्रीच्या काळ्या दगडातली फेल्डस्पार आणि पायरोक्सिन ही खनिजं मोह्सच्या काठिण्य मापनात 6 च्या आसपास बसतात. वाळूतलं क्वार्ट्झ 7. साध्या चाकूचं पोलाद साधारण साडेपाच. चेनच्या पट्ट्या जोडणाऱ्या पिना त्याहून कडक केलेल्या असतात खऱ्या, पण रोजच्या रगड्यापुढे त्याही हळूहळू हार खातात.

झीज होते ती रोलरच्या, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या छोट्या नळीच्या, आत, पीन आणि तिच्याभोवतीची पट्टी यांच्यामध्ये. बाहेरून काही दिसत नाही. पट्ट्या लांब होत नाहीत, भोकं मोठी होतात आणि पिना बारीक. एका सांध्यात सरासरी 0.06 मिमी, म्हणजे केसाएवढी, फट वाढली की अख्खी चेन अर्धा टक्का लांबते. मग स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, 12.7 मिमी अंतरावरच्या दातांशी तिचं जमेनासं होतं, भार मोजक्या दातांवर येतो आणि ते दात एका बाजूने झिजून टोकदार होतात.

गंमत अशी की तेलासाठी ही जागा फार अवघड आहे. मोटारीच्या इंजिनात शाफ्ट इतका वेगाने फिरतो की तेलाचा थर त्याला अधांतरी उचलून धरतो. चेनचा सांधा पूर्ण फिरतच नाही. 11 दातांच्या स्प्रॉकेटवर तो जेमतेम 33 अंश वळतो आणि पुन्हा सरळ होतो. 50 दातांच्या स्प्रॉकेटवर तर 7 अंशच. एवढ्याशा हालचालीत तो थर टिकत नाही, धातूला धातू टेकतो, मध्ये उरतो तो तेलाचा अतिपातळ लेप. (लहान स्प्रॉकेटवर सतत रेटणाऱ्यांची चेन लवकर का जाते, त्याचंही उत्तर यातच आहे.)

1999 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने चेनची कार्यक्षमता मोजली. उत्तम परिस्थितीत ती 98.6 टक्क्यांपर्यंत गेली. पण स्वच्छ प्रयोगशाळेत वंगण असल्या-नसल्याने फारसा फरक पडला नाही! स्पायसर यांचा तर्क असा की वंगण फटीतली जागा अडवून ठेवतं, म्हणून धूळ आत शिरत नाही. मला हा तर्क पटतो, कारण आपल्या बहुतेक चुका त्याने उलगडतात. तेल हवं ते सांध्याच्या आत. पट्ट्यांवर बाहेरून चोपडलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

म्हणून आधी पुसा, मग तेल द्या. चेनच्या खालच्या पदराला, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. पॅडल उलटं फिरवत राहा, तेल मुरू द्या. रात्रभर मिळाली तर उत्तम. मग कोरडं फडकं चेनभोवती घट्ट धरून पॅडल उलटं फिरवा, आणि फडक्यावर डाग पडणं जवळजवळ थांबेपर्यंत हे करा. हे शेवटचं पुसणं बहुतेकजण टाळतात, आणि चेनचं आयुष्य नेमकं तिथेच घटतं.

उन्हाळ्यातल्या फुफाट्यात मेणाचं किंवा ‘ड्राय’ वंगण बरं, पावसात घट्टसर ‘वेट’ तेल. ड्राय पहिल्याच ओढ्यात धुऊन जातं. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी बनलं. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला ते चालेल, पण त्यावर खरं तेल द्यावंच लागतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात काजळी आणि धातूचे कण आधीच असतात. रॉकेल किंवा डिझेलने चेन धुतलीत तर पूर्ण वाळल्याशिवाय तेल देऊ नका, नाहीतर आत उरलेलं रॉकेल नवं तेल पातळ करून टाकतं. सर्व्हिसिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा चेनवर मारून घेऊ नये. गंज काढायचं अ‍ॅसिड तर बाटलीतच बरं: त्यातून सुटलेला हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करतो आणि चेन चढावर तुटते.

झीज मोजायला शाळेतली 30 सेमीची पट्टी पुरते. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या डाव्या कडेपासून पुढच्या विसाव्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. नवी चेन 25.4 सेमी भरते. 25.5 ओलांडून जरासं पुढे गेलं की अर्धा टक्का झीज झाली. 11 किंवा 12 स्पीडची, म्हणजे मागे तेवढे गिअर असलेल्या सायकलची, चेन तेव्हाच बदलावी. कमी गिअरच्या सायकलला 25.6 पर्यंत सवड आहे. 25.65, म्हणजे एक टक्का झाला, तर बहुधा कॅसेटही (मागच्या चाकावरचा स्प्रॉकेटांचा संच) गेलेली असते: नवी चेन झिजलेल्या दातांवरून जोर लावताच घसरते, आणि मग दोन्ही एकदमच घ्यावी लागतात.