‘सब’, ‘उप’, ‘पोट’ आणि ‘दुय्यम’ : एका इंग्रजी उपसर्गाची बडोद्यातली पार्श्वभूमी

इंग्रजीतला ‘सब’ हा उपसर्ग बडोद्यात आला तो फौजेबरोबर. १८०२ मध्ये गायकवाडांच्या दरबाराने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला, १८०५ च्या तहाने तो पक्का झाला आणि कंपनीची ‘सबसिडियरी फोर्स’ राज्याच्या पैशावर इथे राहू लागली. मराठीत तिचे नाव तैनाती फौज. ‘सबसिडियरी’च्या मुळाशी लॅटिन ‘सबसिडियम’ आहे. लढणाऱ्या फळीच्या मागे बसवून ठेवलेली राखीव तुकडी, असा त्याचा अर्थ. ‘सब’ म्हणजे खाली, आणि पुढचा तुकडा बसण्याच्या क्रियापदाचा. राखीव सैन्यावरून अर्थ सरकला मदतीकडे, मदतीवरून मदतीच्या पैशाकडे. गॅसची सबसिडी खात्यात पडली का, असे आज डांडिया बाजारातल्या घरात विचारतात, तो शब्द त्या तैनाती फौजेचा सख्खा भाऊ आहे.

लॅटिन ‘सब’, ग्रीक ‘हायपो’ आणि संस्कृत ‘उप’ ही एकाच मुळाची भावंडे, त्यामुळे ‘सब’साठी ‘उप’ घेणे हे काही ओढूनताणून केलेले भाषांतर नव्हे. संस्कृतात ‘उप’चा पहिला अर्थ जवळ असा आहे. उपनयन म्हणजे जवळ नेणे, उपासना म्हणजे जवळ बसणे. लॅटिनमध्येही खाली या अर्थाला लागूनच पायथ्याशी, लगत हा अर्थ होता. त्यामुळे ‘सबर्ब’ म्हणजे शहराच्या खालची वस्ती नव्हे, शहरालगतची. उपनगर हा शब्द त्याला तंतोतंत बसतो. चार दरवाज्यांच्या आतले बडोदे ते शहर, आणि कोटाबाहेर पश्चिमेला वसलेली अलकापुरी ते उपनगर. त्या अलकापुरीत जाताना रेल्वेखालून जो रस्ता जातो, त्याला मात्र इथे कुणी सबवे म्हणत नाही. तिथे ‘सब’ खरोखर ‘खाली’ या अर्थाचा आहे, पण लोक गुजरातीतला ‘गरनाळे’ हा शब्द वापरतात, आणि पावसाळ्यात ‘गरनाळ्यात पाणी भरले’ एवढे सांगितले की दुसऱ्या वाटेने जायचे हे कळते.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची खरी अडचण वेगळी आहे. हा उपसर्ग पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. सपोर्ट, सप्लाय, सस्पेंड, सस्पेक्ट, सजेस्ट, सक्सीड, सफर, या सगळ्यांच्या तोंडाशी ‘सब’च आहे. सस्पेंड म्हणजे खाली लोंबकळत ठेवणे. निलंबनातले ‘लंब’ही तेच सांगते. शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययाला इंग्रजीत ‘सफिक्स’ म्हणतात, त्यातही ‘सब’ आहे. ‘सरोगेट’मध्ये तो आहे, पण ‘सरप्लस’ आणि ‘सरचार्ज’मध्ये नाही, कारण तिथला ‘सर’ हा ‘सुपर’चा, म्हणजे बरोबर उलट अर्थाचा. सबस्क्राइब म्हणजे मजकुराखाली आपले नाव लिहिणे. पुस्तक निघण्याआधी यादीत नाव लिहून पैसे देणारा तो सबस्क्रायबर, म्हणजे आपला वर्गणीदार. ज्यांनी मोडी कागद पाहिले आहेत त्यांना कागदाच्या तळाशी उठवलेली मोर्तब आठवेल. कागद पुरा झाला, मान्य झाला, याची खूण खालीच करायची, ही रीत दोन्हीकडे सारखी.

आणि जो ‘सब’ नाही, त्याचाही खुलासा इथे हवा, कारण बडोद्यात तो फार दिसतो. संस्थानाच्या इंग्रजी कागदांत ‘सुबा’ आणि ‘नायब सुबा’ हे शब्द पानोपानी येतात. हा सुभा अरबी-फारसीतून आलेला. मोगलाईत तो प्रांताला म्हणत, बडोद्यात प्रांताच्या अधिकाऱ्यालाच सुभा म्हणू लागले. सुभेदारही त्यातलाच. रोमन अक्षरांत पहिली तीन अक्षरे जुळतात, एवढाच त्याचा इंग्रजी उपसर्गाशी संबंध.

या संस्थानी कारभाराकडे जरा नीट पाहण्यासारखे आहे. प्रांतावर सुभा, त्याच्या हाताखाली नायब सुभा, महालावर, म्हणजे तालुक्यावर, वहिवाटदार, आणि मोठ्या महालातून काढलेल्या पेटामहालावर महालकरी. सर्वांच्या वर सरसुभा. कडी, बडोदे, नवसारी, अमरेली, कुठल्याही प्रांतात गेलात तरी हीच उतरंड. यात प्रत्येक शब्द वेगळे नाते सांगतो. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. नवाब हा शब्दही त्याच धातूचा. नायब सुभ्याकडे प्रांताचा एखादा भाग असेही, पण त्याचे पदनाम भागाबद्दल बोलत नाही, सुभ्याशी असलेल्या नात्याबद्दल बोलते. महालकरी मात्र कोणाचा बदली माणूस नव्हता. त्याचा मुलूख लहान, पण त्या मुलखाचा अधिकारी तोच. इंग्रजीत या दोघांनाही सहज ‘सब’ किंवा ‘डेप्युटी’ म्हणता आले असते. इथल्या दप्तराने दोन वेगळे शब्द ठेवले, आणि ते योग्य होते. राज्यकारभाराच्या शब्दांकडे इथे किती गांभीर्याने पाहत, याची साक्ष १९३१ मध्ये बडोद्यात निघालेला कोश देतो. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले होते. शेजारच्या भाषांना काय सुचले हे पाहून शब्द ठरवण्याची ही पद्धत पुढे कमी झाली, याचे वाईट वाटते.

१ मे १९४९ ला बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० ला गुजरातेत गेले. इथला मराठी माणूस त्यानंतर गुजराती कचेरीत काम करतो आणि मराठी परिभाषा दुरून वाचतो. १९६० नंतर मुंबईत पदनामांचे कोश तयार झाले आणि त्यांत ‘उप’ या उपसर्गावर फार भार पडला. डेप्युटी कलेक्टर तो उपजिल्हाधिकारी, सब-इन्स्पेक्टर तो उपनिरीक्षक, व्हाइस प्रेसिडेंट तो उपाध्यक्ष, बाय-लॉ ते उपविधी. इंग्रजीतल्या चार वेगळ्या शब्दांना एकच ‘उप’. व्हाइस म्हणजे जागी येणारा, डेप्युटी म्हणजे नेमून दिलेला, सब म्हणजे खालचा किंवा लहान भागाचा, बाय म्हणजे, निदान आज समजतात त्याप्रमाणे, बाजूचा. हे भेद पुसले गेले. एकसारखेपणा आला, शिकायला सोपे झाले, हे खरे. पण पदनाम वाचून माणसाचा अधिकार कळायला हवा, तो कळेनासा झाला. गुजरातीने नायब टाकला नाही. नायब कलेक्टर, नायब मामलतदार इथे आजही पाटीवर आहेत. महाराष्ट्रातही नायब तहसीलदार टिकला आहे.

या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीचा शब्द सब-रजिस्ट्रार, आणि त्यावर जरा थांबायला हवे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात राज्याचे जिल्हे आणि उपजिल्हे पाडायला सांगितले आहेत. जिल्ह्याला रजिस्ट्रार, उपजिल्ह्याला सब-रजिस्ट्रार. म्हणजे इथला ‘सब’ मुलखाला लागलेला आहे, माणसाला नाही. खरेदीखत नोंदवताना तो रजिस्ट्रारच्या वतीने सही करत नाही, स्वतःच्या अधिकारात करतो. बडोद्याच्या भाषेत सांगायचे तर तो नायब नव्हे, महालकरी आहे. मराठीत त्याला दुय्यम निबंधक म्हणतात. ‘दुय्यम’ फारसी वळणाचा, अर्थ दुसरा. पुष्कळांना तो खटकतो. कायद्याने स्वतंत्र अधिकार दिलेल्या माणसाला दुय्यम म्हणणे कमीपणाचे, असा आक्षेप आहे, आणि बदलून उपनिबंधक करावे असे सुचवणारे भेटतात. आक्षेपात तथ्य आहे. पण उपनिबंधक हे नाव आधीच दुसऱ्याचे आहे. सहकार खात्यातला डेप्युटी रजिस्ट्रार तो उपनिबंधक. एक माणूस जमिनीचे दस्त नोंदवतो, दुसरा सोसायट्यांच्या तक्रारी ऐकतो. दोघांना एक नाव दिले तर लोकांनी जायचे कुठे?

ही अडचण कागदावरची नाही. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांचे सातारा, पुणे, कोकण या बाजूला वडिलोपार्जित काही ना काही आहे. वाटणीचा किंवा हक्कसोडीचा दस्त करायचा झाला की इथल्या वकिलाने इंग्रजीत दिलेल्या टिपणाचे मराठी केले जाते, हल्ली मोबाइलवर. यंत्र सब-रजिस्ट्रारचे बेधडक उपनिबंधक करते. मग माणसे तिकडे गेल्यावर ‘उपनिबंधक, सहकारी संस्था’ या पाटीखाली जाऊन उभी राहतात, आणि ज्या खिडकीशी काम असते तिथे पाटी असते ‘सह दुय्यम निबंधक, वर्ग २’ अशी. त्यातला ‘सह’ पुन्हा जॉइंटचा. जाणाऱ्याने टिपणावर ‘दुय्यम निबंधक’ असेच लिहून न्यावे, म्हणजे हेलपाटा वाचतो.

मराठीत आणखी एक देशी उपसर्ग आहे, आणि माझ्या मते ‘सब’च्या एका अर्थाला त्याच्याइतका चांगला शब्द कुठल्याच भाषेत नसेल. तो म्हणजे ‘पोट’. पोटजात, पोटहिस्सा, पोटमाळा, पोटभाडेकरू. जे मोठ्याच्या आत सामावले आहे ते पोट. जमीनमोजणीत गटाच्या आतली लागवडीला नालायक जागा म्हणजे पोटखराबा. हा शब्द इंग्रज मोजणीदारांनी जसाच्या तसा उचलला आणि गुजरातच्या सातबाऱ्यावरही तो थोड्या वेगळ्या उच्चारात आहे. गुजरातीत याच कामाला ‘पेटा’ आहे : पेटाकलम, पेटाविभाग, पेटाभाडूत. पेटामहालातला पेटा हाच. मराठी कायद्याच्या भाषेतही सब-सेक्शनला पोटकलम आणि सब-रूलला पोटनियम आहे, फक्त सब-क्लॉजपाशी आल्यावर उपखंड झाला. तिथेच पोट का सोडले याचे कारण मला पटण्यासारखे कुठे दिसत नाही.

बाय-इलेक्शनचा दाखला घ्या. बडोद्यातल्या घरात हिंदी वाहिनीवर उपचुनाव ऐकू येते, गुजराती पेपरात पेटाचूंटणी छापलेली असते, आणि मराठीत आपण पोटनिवडणूक म्हणतो. इंग्रजीतला ‘बाय’ म्हणजे बाजूचा, आडवाटेचा. मराठी-गुजरातीने बाजू सोडली आणि पोट धरले. सभागृहाच्या चालू मुदतीच्या आतच ही निवडणूक होते, हे त्यातून आपोआप कळते. मूळ शब्दाहून अनुवाद अधिक नेमका निघाला आहे.

बाय-लॉच्या बाबतीत उलटे झाले. हा ‘बाय’ तो ‘बाय’ नव्हेच. जाणकारांचा कल असा की तो जुन्या नॉर्स भाषेतल्या वस्ती, गाव या अर्थाच्या शब्दातून आला. डर्बी, व्हिटबी या गावांच्या नावांच्या शेवटी तोच आहे. बाय-लॉ म्हणजे वस्तीने स्वतःसाठी केलेला नियम. पुढे इंग्रजांनीही तो ‘बाजूचा, दुय्यम’ समजायला सुरुवात केली, आणि आपण त्याचे उपविधी केले. इथल्या गुजराती सोसायट्यांच्या चोपड्यांत पेटा नियम म्हणतात, कोणी पेटा कायदा. कायद्याच्या चौकटीतच तो चालतो, त्यामुळे उपविधी चूक नाही. पण सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘हे काय, नुसते उपविधीच तर आहेत’ असे म्हणून पार्किंगचा ठराव उडवून लावताना मी ऐकले आहे. आपण बसून, हात वर करून, आपल्यासाठी केलेला नियम हा त्या शब्दाचा गाभा होता, आणि ‘उप’ने नेमका तोच झाकला.

‘दुय्यम’वरचा आक्षेप अलीकडे फार वरपर्यंत गेला आहे. खालच्या न्यायालयांना ‘सबॉर्डिनेट’ म्हणू नये, जिल्हा न्यायपालिका म्हणावे, असे उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पीठावरून गेल्या काही वर्षांत सांगितले गेले. न्यायाधीश निकाल देताना कोणाच्या हाताखाली नसतो, तेव्हा हे योग्यच आहे. भारताच्या संविधानातल्या सहाव्या भागात, अनुच्छेद २३३ ते २३७ च्या प्रकरणाचे इंग्रजी शीर्षक अजून ‘सबॉर्डिनेट कोर्ट्स’ आहे, आणि मराठी पाठात ‘दुय्यम न्यायालये’.