कॅम, स्प्रिंग आणि हेड फेसिंग : उलटलेल्या क्रमाची पार्श्वभूमी

सोलापुरात गाडीचा पिकअप वाढवायचा म्हटलं की हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आधी फेसिंगला, म्हणजे खालची बाजू कापून सपाट करायला जातं. ही सवय टू-स्ट्रोकच्या काळातली. राजदूत, येझदी, आरएक्स १०० यांना ना वॉल्व्ह उघडणारा कॅम, ना त्याने उघडणारे वॉल्व्ह. हेड घासून कॉम्प्रेशन (आतल्या मिश्रणाचं दाबलं जाणं) वाढवायचं, पोर्ट, म्हणजे हवा-धुराच्या वाटा, मोठे करायचे, काम झालं. त्या इंजिनांसाठी ते बरोबरच होतं. पुढे फोर-स्ट्रोक आल्या तरी क्रम तोच राहिला आणि वॉल्व्ह जास्त उघडणारा रेसिंग कॅम बसवतानासुद्धा वॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगची आठवण सगळ्यात शेवटी होऊ लागली. ज्या शहरात १९९२पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशोदेशीच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवते आणि किर्लोस्कर फेरसच्या फाउंड्रीत सिलिंडर हेडं ओतली जातात, तिथे हे मला फार खटकतं.

अगदी सुरुवातीच्या इंजिनांत इनलेट, म्हणजे हवा आत घेणारा वॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनेच उघडायचा; स्प्रिंग हलकी असली तरी चालायचं. वेग वाढवायचा तर वॉल्व्ह कॅमनेच उघडावा लागला. १९१२ साली प्यूजोने डबल ओव्हरहेड कॅम (हेडमध्येच बसवलेले दोन कॅम) आणि सिलिंडरला चार वॉल्व्ह घेऊन फ्रेंच ग्रां प्री जिंकली. तिथून पुढे वेगाला आडवी आली ती स्प्रिंग. प्रत्येक स्प्रिंगला स्वतःची कंपनसंख्या असते. कॅमचे झटके तिच्याशी जुळले की वेटोळ्यांतून लाट धावते, दाब कमी पडतो, वॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो आणि शेवटी तार तुटते. नॉर्टनने रेसिंग मोटारसायकलींना केसांच्या पिनेसारख्या वाकवलेल्या हेअरपिन स्प्रिंग लावल्या. मर्सिडीजने १९५४च्या डब्ल्यू १९६मध्ये वॉल्व्ह मिटवण्याचं कामही कॅमकडेच दिलं, १९५६मध्ये डुकाटीचे अभियंते तालिओनी यांनी तीच वाट धरली. १९८६मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये तारेच्या जागी दाबाखालची हवा आणली.

रस्त्यावरच्या गाडीला यातलं काही परवडत नाही. तिच्या वाट्याला आल्या एकात एक बसणाऱ्या डबल स्प्रिंग, वर निमुळत्या होत जाणाऱ्या बीहाइव्ह स्प्रिंग आणि शॉट पीनिंग. बारीक छऱ्यांच्या माऱ्याने तारेचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो, त्यामुळे तडा सहजी सुरू होत नाही.

म्हणून स्प्रिंग कॅमच्या मापावरून निवडायची. वॉल्व्ह मिटलेला असताना बसवलेली उंची आणि दाब, पूर्ण लिफ्टला (वॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना) दाब, आणि तेव्हा वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी साधारण दीड मिलिमीटर एकूण जागा. जास्त कडक स्प्रिंग हा उपाय नव्हे. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमचं नाक ओततानाच लोखंडी चिलने झटकन थंड करून कठीण केलेलं असतं, पण सपाट टॅपेटखाली (कॅमवर टेकून वॉल्व्ह हलवणाऱ्या भागाखाली) दाब अति झाला तर तेही झिजतं.

हेडचा नंबर यानंतर. रेसिंग कॅम इनलेट उशिरा मिटवतो, त्यामुळे कमी वेगात भरलेली हवा थोडी परत जाते आणि इंजिन खालच्या टप्प्यात मरगळतं. ती कसर भरायला कॉम्प्रेशन वाढवायचं. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात हेडमधली पोकळी तोंडाशी बोअरइतकी रुंद असेल, तर एक मिलिमीटर कापल्यावर जवळजवळ ३.८५ सीसी कमी होतात, ६.५चं गुणोत्तर ६.८५च्या आसपास जातं. एवढ्या मापासाठी वॉल्व्ह पिस्टनच्या मिलिमीटरभर जवळ येतो, पुशरॉडच्या इंजिनात (कॅम खाली, दांड्याने वॉल्व्ह हलतो) रॉकरचा, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचा, कोन बदलतो, ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात कॅम क्रँकच्या जवळ आल्याने टायमिंग मागे पडतं.

कापण्याआधी वॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजायला पिस्टनवर मऊ माती ठेवून, गॅसकेटसह हेड कसून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा. दबलेल्या मातीची सगळ्यात पातळ जाडी मोजून त्यातून कापायचं माप वजा करावं. इनलेटकडे साधारण दोन, एक्झॉस्टकडे अडीच मिलिमीटर उरत असतील तरच हेड मिलिंगवाल्याकडे न्यावं.