केस पिकले म्हणून शहाणपण येत नाही

चार उन्हाळे-पावसाळे जास्त पाहिलेला माणूस अधिक शहाणा, असं आपण धरून चालतो. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत मानसशास्त्रज्ञ पाउल बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून हे तपासायला घेतलं. समजा, १५ वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचंय. अशा वेळी काय काय विचारात घ्यावं? सहभागी माणसानं मनात येईल ते मोठ्यानं बोलत विचार करायचा. मग त्यातली माहिती, मार्ग काढण्याची हातोटी, परिस्थितीचं भान, मूल्यांमधला फरक आणि अनिश्चिततेची जाण, या पाच निकषांवर गुण द्यायचे. साधारण २० ते ७५ या वयोगटात गुणांचा वयाशी फारसा संबंध सापडला नाही.

अनुभव वाया जातो कुठे? एक गळती आठवणीतच आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघण्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून काय घडण्याची किती शक्यता वाटते, ते लिहून घेतलं. दौऱ्यानंतर तेच आकडे आठवून सांगायला लावले. जे घडलं होतं, त्याला आपण मुळात दिली त्यापेक्षा जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. ‘मला वाटलंच होतं’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याची आठवणच सरकलेली असते. आणि ज्याला सगळं आधीच ठाऊक होतं, त्याला शिकायला उरतं काय?

स्वतःची कारणंही तितकीच बेभरवशाची. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या २००५च्या प्रयोगात दोन चेहऱ्यांपैकी आवडता फोटो निवडायला सांगून हातचलाखीनं दुसराच हातात दिला. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. न निवडलेला चेहरा का आवडला, हे ते बिनदिक्कत सांगत राहिले. मुळात निवडलेल्या फोटोत नसलेले कानातलेसुद्धा कारण म्हणून पुढे आले!

म्हणून नोंद निर्णयाच्या आधी हवी. पाच-सहा ओळी पुरतात: तारीख, निर्णय, नाकारलेले पर्याय, काय होईल असं वाटतं आणि किती टक्के खात्री, ते कधीपर्यंत कळेल, आणि त्या वेळी झोप-मनःस्थिती कशी होती. ‘बरं होईल’ असं लिहू नका, ते कधीच चुकत नाही. ‘तीन महिन्यांत काम पूर्ण होईल, ७० टक्के’ हे तपासता येतं. ठरल्या तारखेला पान उघडण्याआधी आपण काय लिहिलं होतं, ते आठवून वेगळ्या कागदावर लिहा, मग ताडून पाहा. दोन्हींतली तफावत हाच खरा धडा. ७० टक्क्यांच्या दहा अंदाजांपैकी पाच खरे ठरले, तर तो योगायोगही असू शकतो. तीस नोंदी झाल्या आणि तरीही निम्मेच खरे ठरत असले, तर आपली खात्री फुगलेली आहे असं समजावं. मात्र निकाल वाईट लागला एवढ्यावरून निर्णय चुकला म्हणू नये. तेव्हा हाताशी असलेल्या माहितीवर तो बरोबरही असेल.

मन अडकलेल्या प्रसंगांना नोंदवही पुरत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे प्रयोगातही दिसलं आहे. इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांच्या २०१४च्या अभ्यासात जोडीदारानं फसवल्याची कल्पना करताना लोकांचा विचार स्वतःपेक्षा मित्राच्या बाबतीत जास्त समंजस निघाला. साठी ओलांडलेलेही याला अपवाद नव्हते. स्वतःकडे त्रयस्थ म्हणून पाहायला सांगितल्यावर हा फरक मिटला. पुढे २०२१मध्ये चार आठवडे रोजच्या प्रसंगाची डायरी तृतीय पुरुषात लिहिणाऱ्यांचा विचारही अधिक सुज्ञ झाला. म्हणजे ‘मी चिडलो’ऐवजी ‘तो चिडला, कारण…’ असं लिहायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. तिसऱ्या दिवशीही तीच वाक्यं येत असली, तर ते आत्मपरीक्षण नव्हे, नुसतं उगाळणं आहे. तिथे थांबावं आणि ‘माझ्याच बाबतीत का?’ऐवजी ‘समोरच्याला काय दिसलं असेल?’ हा प्रश्न घ्यावा.

लग्न किंवा व्यवसाय यांसारखे निर्णय आयुष्यात एकदोनदाच येतात, त्यांच्या तीस नोंदी कुठून आणणार? तिथे त्याच वाटेनं गेलेल्या आठ-दहा जणांना विचारावं, फसलेल्यांनाही. आणि ‘मी काय करू?’ असं न विचारता ‘पहिल्या वर्षात कशाचा अंदाज चुकला?’ असं विचारावं.