पंचेचाळिसाची गोळी: रिव्हॉल्व्हरला किती जड, रायफलला किती?

१८७३ साली अमेरिकन लष्कराने दोन हत्यारं स्वीकारली: कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर आणि स्प्रिंगफील्डची ‘ट्रॅपडोअर’ रायफल. दोन्ही ‘पंचेचाळीस’, म्हणजे सुमारे .४५ इंच तोंडाच्या नळीची. एकाचं काडतूस .४५ कोल्ट, दुसरीचं .४५-७०. जुन्या धाटणीच्या बंदुकांचे तिथले शौकीन आजही ही काडतुसं घरी भरतात, आणि नवख्याची गफलत इथेच होते. त्याला वाटतं, पंचेचाळीस ते पंचेचाळीस, जड गोळी घेतली की झालं. पण रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं वजन ठरवते माशी, आणि रायफलच्या गोळीचं वजन ठरवतो नळीतला पीळ.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा. गोळी म्हणजे नुसतं पुढचं शिसं. आपण बोलताना अख्ख्या काडतुसालाही गोळीच म्हणतो, इथे तसं करून चालणार नाही.

वजन मोजतात ग्रेनमध्ये. हे माप आपल्याला वाटतं तितकं परकं नाही: जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, बरोबर १८० ग्रेनचा होता. कोल्टची मूळ गोळी साधारण २५५ ग्रेनची, दीड तोळ्याला थोडी कमी. स्प्रिंगफील्डची ४०५ ग्रेनची, चोख सव्वादोन तोळे. जाडीही वेगळी. कोल्टसाठी आज .४५२ ते .४५४ इंचाची गोळी वापरतात, .४५-७० साठी .४५८ च्या आसपासची. तेव्हा एकीची दुसरीत घालायचा प्रश्नच नाही.

कोल्टला मागची शिस्त, म्हणजे नेम धरायची मागची खूण, ही चौकटीच्या माथ्यावर कोरलेली खाच, आणि पुढे पक्की बसवलेली माशी. फिरवायला स्क्रू नाही. बार उडाला की गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच धक्क्याने नळी वर उचलली जायला लागते. जड गोळीचा धक्का मोठा, शिवाय ती सावकाश निघते. ती बाहेर पडेपर्यंत नळी जास्त वर गेलेली असते. म्हणून पंचवीस यार्डांवर जड गोळी हलक्या गोळीपेक्षा वर लागते. ‘जड म्हणजे खाली पडणार’ हा आपला अंदाज इथे साफ उलटा पडतो. काउबॉय पद्धतीच्या स्पर्धांत धक्का कमी बसावा म्हणून बरेच जण २०० ग्रेनची गोळी भरतात, आणि मग नेम बरोबर असूनही गोळी खालीच का लागते म्हणून चक्रावतात. माशी कानशीने घासली की मार वर येतो, पण घासलेलं लोखंड परत येत नाही. माझ्या मते आधी गोळी कायमची ठरवावी, मगच कानशीला हात लावावा. २५० ते २५५ ग्रेनपासून सुरुवात करणं सगळ्यात शहाणपणाचं, कारण मुळात कोल्टची भर याच वजनाची होती.

रायफलीत हा प्रश्न फारसा उरत नाही. ट्रॅपडोअरची मागची शिस्त अंतराप्रमाणे वरखाली होते. तिथे पाहायचा तो पीळ, म्हणजे नळीतले आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात ते. लांब गोळी स्थिर ठेवायला जास्त वेगाची गिरकी लागते, आणि जाडी तीच असेल तर शिशाची जड गोळी म्हणजे लांब गोळी. जॉर्ज ग्रीनहिल यांचं जुनं सूत्र हेच सांगतं: खरी अट लांबीची, वजनाची नव्हे. ट्रॅपडोअरचा पीळ २२ इंचांत एक फेरा. त्यामुळे ४०५ ग्रेन तर चालतेच, पण पुढे लष्कराने लांब पल्ल्यासाठी घेतलेली ५०० ग्रेनची, पावणेतीन तोळ्यांची गोळीही चालली. उलट १८७३ च्याच विंचेस्टर रायफलच्या, .४४-४० काडतुसाच्या नळीचा पीळ ३६ इंचांत एक. तिची मूळ गोळी २०० ग्रेनची, आखूड. तिच्यात लांबलचक गोळी घातली तर ती कोलांट्या खात जाईल.

विंचेस्टरसारख्या नळीदार मॅगझिनमध्ये आणखी एक भानगड आहे. काडतुसं एकामागे एक आडवी बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्राइमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला टेकतं. तिथे टोकदार गोळी नकोच, चपट्या तोंडाची हवी.

आता ग्रेनचा दुसरा घोळ, आणि हा खरोखर जिवावर बेततो. गोळीही ग्रेनमध्ये, दारूही ग्रेनमध्ये. ‘४५-७०-४०५’ मधले ७० ग्रेन काळ्या दारूचे. तेवढीच धूरविरहित दारू भरली तर रायफल फुटेल. आणि हलक्या गोळीसाठी दिलेली धूरविरहित दारू जड गोळीमागे तशीच ठेवली तर नळीतला दाब चढतो. म्हणून छापील तक्ता आधी गोळीच्या वजनाने शोधायचा. .४५-७० चे तक्ते तर पुस्तकांत बहुधा तीन मिळतात: ट्रॅपडोअरसाठी सौम्य, लीव्हर (घोड्याजवळचा दांडा ओढून भरायच्या) रायफलींसाठी त्याहून कडक, आणि आधुनिक भक्कम रायफलींसाठी सर्वांत कडक. तिसऱ्या तक्त्यातली भर ट्रॅपडोअरमध्ये कधीच घालायची नाही, गोळी कितीही ग्रेनची असो.