चारसिऊ बावचं तोंड फाटतं कसं?

‘वाफवलेलं आहे ना, मग खा बिनधास्त!’ मोमोच्या गाडीवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. अहो, वाफेनं तळणीचं तेल तेवढं वाचतं. पदार्थात जे घातलंय ते कुठे जाणार?

ग्वांगझू-हाँगकाँगच्या चहाघरांत बांबूच्या टोपलीतून येणारा चारसिऊ बाव, म्हणजे सारण भरून वाफवलेला पाव, घ्या. वर मैदा, साखर, चरबी. आत भाजलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सोया सॉस, ऑयस्टर सॉस आणि पुन्हा साखर. मांसातून प्रथिनं आणि बी-१ जीवनसत्त्व मिळतं खरं, पण सारण ते केवढंसं! मीठ मात्र भरपूर.

मला तरी त्याच्या पोषणापेक्षा त्याचं फाटलेलं तोंड जास्त आवडतं. अस्सल बाव वरून तीन-चार पाकळ्यांत उकलतो आणि आतलं लालसर सारण दिसतं. हे सुरीचं काम नव्हे. आंबवलेल्या कणकेत बेकिंग पावडरीबरोबर चिमूटभर अमोनियम बायकार्बोनेट घालतात. आपल्या बिस्किटांच्या पुड्यावर ‘५०३’ म्हणून छापलेलं असतं तेच. खायचा सोडा तापला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. याचं तसं नाही. ६० अंशांच्या आसपास ते झपाट्यानं फुटतं आणि अमोनिया, कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन जातं. क्षार काहीच उरत नाही. त्यात मैदा मुद्दाम कमी प्रथिनांचा, आणि साखर-चरबीमुळे ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी आणखी दुबळी. म्हणून ताण वाढला की चुण्या जिथे मिटल्या तिथेच बाव फाटतो. शिवाय साखर स्टार्चचं शिजणं थोडं लांबवते, तेवढी वायूला सवड मिळते. आच मात्र सुरुवातीपासून मोठी हवी. मंद वाफेवर वायू हळूहळू निसटतो, तोवर कणीक घट्ट होते आणि बाव तोंड मिटून बसतो. रंग पांढराच राहतो, कारण वाफ १०० अंशांचीच. खरपूस तांबूसपणाला साधारण १४० लागतात.

चवीचं श्रेय लोक कुजबुजत ‘अजिनोमोटो’ला, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटला देतात, आणि ते खाल्लं की त्रास होतो असं मानतात. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानं सुरू झालेली ही भीती पुढच्या चाचण्यांत टिकली नाही, पण व्हॉट्सॲपवर ठणठणीत आहे. ग्लुटामेट तर सोया सॉसमध्ये मुळातच असतं. मांसातलं इनोसिनेट हे चवीचं दुसरं द्रव्य त्याच्या जोडीला आलं, की जिभेवरचा चव ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) ग्लुटामेटला अधिक घट्ट धरून ठेवतो आणि चव कितीतरी पटींनी वाढते.