पान, भान, मान

शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझं सत्र असलं की सुरुवातीला मी एक खेळ घेते. समोर चाळीसेक शिक्षक असतात, बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांतले. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून एक शब्द म्हणते आणि त्यांनी तो कागदावर लिहायचा. शब्द पहिलीतल्या मुलालाही येईल असा. मग एकेकाने उत्तर वाचायचं. कुणी 'पान' लिहिलेलं असतं, कुणी 'भान', कुणी 'बाण'. मी म्हटलेलं असतं 'मान'. पुढचा शब्द 'काका'. इथे बहुतेक कागद कोरेच राहतात, कारण समोर दिसतं ते फक्त दोनदा उघडलेलं तोंड.

"ओठांवरून कळतं त्याला सगळं," असं वर्गातल्या कर्णबधिर मुलाबद्दल सांगणारे शिक्षक मला दर सत्रात भेटतात. ते खोटं बोलत नसतात. मूल मान डोलावतं, हसतं, शेजाऱ्याच्या वहीत बघून बरोबर पान उघडतं. त्याला किती कळलं हे मात्र बाहेरून दिसत नाही.

यामागचं विज्ञान आपल्या वर्णमालेतच आहे. ध्वनी तोंडात कुठे तयार होतो त्यावरून आपले वर्ग पडले आहेत. कवर्ग पार मागे, जीभ टाळूला लागून. मग टाळू, दात असं पुढे येत येत पवर्ग ओठांवर. ओठ वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतो तो शेवटचा वर्ग. पण प, फ, ब, भ, म हे पाचही ओठ मिटून उघडले की होतात, त्यामुळे दिसायला सारखेच. (फणस आणि फळ म्हणताना आपण पुष्कळदा दातांनी ओठ दाबून फुंकर सोडतो, तेवढा एक वेगळा दिसतो.) त्यांच्यातला फरक घशातल्या कंपनाचा, श्वासाच्या झोताचा आणि नाकातून सुटणाऱ्या हवेचा. यातलं काहीच ओठांवर उमटत नाही. आणि कवर्ग तर मुळात दिसतच नाही. राहिलेलं सगळं मूल संदर्भावरून जुळवत असतं. विषय ओळखीचा असेल तर जुळतं. 'प्रकाशसंश्लेषण' पहिल्यांदाच कानावर येत असेल तर कशावरून जुळवणार?

"पण त्याला मशीन आहे ना!" हा पुढचा प्रश्न. श्रवणयंत्राकडे आपण चष्म्यासारखं बघतो, लावला की दिसायला लागलं. कानाचं तसं नाही. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत, केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात. त्यातल्या आतल्या ओळीतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूकडे संदेश धाडतात, तर बाहेरच्या ओळींतल्या सुमारे बारा हजार पेशी बारीक आवाज वाढवतात आणि जवळजवळचे स्वर एकमेकांपासून सुटे करतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या की आवाज नुसता लहान होत नाही, तो पुसट होतो. रेडिओचं स्टेशन नीट लागलेलं नसताना आवाज कितीही मोठा केला तरी बातम्या कळत नाहीत, तसं. यंत्र आवाज मोठा करतं, आणि त्याने पुष्कळ फरक पडतोच, पण पुसटपणा उरतो.

आणि यंत्र सगळंच मोठं करतं. पंखा, बाकांची ओढाताण, शेजारच्या वर्गातले पाढे. हिशेब करून बघण्यासारखा आहे. शिक्षकाचा आवाज एक मीटरवर साधारण ६५ डेसिबल धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ५९, चार मीटरवर, शेवटच्या बाकाच्या आसपास, ५३. वर्गातला गोंगाट ५५ धरला तर शेवटच्या बाकावर शिक्षकाचा आवाज गोंगाटाच्या खाली गेला. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला बोलणं नीट कळायला ते गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर हवं असतं. आपल्या हिशेबात ते पहिल्या बाकावरही जेमतेम १० भरतं. खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो खरा, पण तो उशिरा पोचतो आणि पुढच्या अक्षरावर सांडतो. फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असलेल्या खोलीत तर जास्तच. पावसाळ्यात त्या पत्र्यावर सर आली की ऐकणारी मुलंसुद्धा हात टेकतात.

अशा वेळी शिक्षक साहजिकच ओरडून बोलतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण उपयोग होत नाही. ओरडताना आपण वाढवतो ते स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ. स, श, त, थ यांसारखी व्यंजनं मुळातच दबकी, ती त्या प्रमाणात वाढत नाहीत. शब्दाचा अर्थ बराचसा व्यंजनांवर तोललेला असतो, त्यामुळे ओरडलेला शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही. शिवाय ओरडताना ओठांचे आकार वेडेवाकडे होतात आणि जे थोडंफार दिसत होतं तेही जातं. जवळ जाऊन नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोलणं हे त्याहून कितीतरी चांगलं. शिक्षकाच्या गळ्याशी छोटा मायक्रोफोन आणि मुलाच्या यंत्रात त्याचा आवाज झेलणारा रिसीव्हर अशी सोय असेल तर आणखी उत्तम. तोंडापासून १५ सेंटिमीटरवर टिपलेला आवाज तीन मीटरवरच्या आवाजापेक्षा २६ डेसिबलने मोठा असतो, आणि तो गोंगाट ओलांडून थेट कानात जातो.

आता 'स' बद्दल. या एका अक्षरावर मी सत्रात अर्धा तास घालवते. 'स' ची ऊर्जा बहुतांशी चार हजार हर्ट्झच्या वर असते, आणि ऐकणं कमी होतं तेव्हा बऱ्याचदा याच वरच्या पट्टीत आधी आणि जास्त कमी होतं. मराठीत या पुसट 'स' वर व्याकरण उभं आहे. तो आला, तू आलास. तिने केलं, तू केलंस. ती जेवली, तू जेवलीस. ज्याला शेवटचा 'स' कधी ऐकूच आला नाही, त्याच्यासाठी या जोड्यांमध्ये फरकच नाही. वहीत तो 'तू कधी आला' लिहितो आणि लाल शाईची रेघ पडते. विदर्भात आणि इतरही काही भागांत घरच्या बोलीत हा 'स' नसतोच, तेव्हा आधी घरची भाषा विचारायला हवी. पण एखादं मूल सतत शब्दांची शेवटची बारीक अक्षरं गाळत असेल, तर 'दुर्लक्ष करतो', 'आळशी आहे' हे शेरे लिहिण्याआधी कान तपासून घ्यावेत, असं मी हात जोडून सांगते.

कारण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलेली मुलं प्रमाणपत्र असलेल्यांपेक्षा सहज निसटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती 'ऐकू कमी येणारी' आणि ७० किंवा त्याहून जास्त ऱ्हास असलेली 'कर्णबधिर' मानली जाते. ज्याचा ऱ्हास ४० डेसिबल आहे, किंवा ज्याचा एकच कान निकामी आहे, ते मूल या व्याख्येत बसत नाही. त्याचं वर्गातलं ऐकणं मात्र बिघडलेलंच असतं. तसंच ज्याचा कान वाहतो त्याचं. किंवा ज्याच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं त्याचं: ऐकणं काही आठवडे कमी, मग बरं, पुन्हा सर्दी झाली की पुन्हा कमी. आई-वडिलांना घरात जवळून बोलताना हे जाणवत नाही. ते पहिल्यांदा लक्षात येऊ शकतं ते चार मीटरवर उभ्या असलेल्या शिक्षकालाच.

याच कायद्याचं १७ वं कलम शिक्षकांना प्रशिक्षण द्या असं सांगतं, आणि ब्रेल व सांकेतिक भाषा येणारे शिक्षक, दिव्यांग शिक्षक धरून, नेमा असंही सांगतं. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम ठरवणारी भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने आली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात समावेशक शाळेवर, म्हणजे दिव्यांग मुलं इतरांसोबत शिकतात अशा शाळेवर, एक विषय आला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दर १० आणि उच्च प्राथमिकवर दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण अधिसूचित केलं. हे सगळं हवंच होतं. पण विशेष शिक्षक आठवड्यातून एखाद्या दिवशी शाळेत येतात. उरलेले दिवस मूल असतं ते नेहमीच्या बाईंच्या, नेहमीच्या सरांच्या वर्गात. त्यांच्या प्रशिक्षणाचा बराच वेळ दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांची नावं, व्याख्या आणि योजना सांगण्यात जातो. उद्या सकाळी सव्वादहाला वर्गात शिरल्यावर काय करायचं, हे त्यात सापडत नाही. मला त्या सव्वादहाची काळजी वाटते.

म्हणून मी हाताने करायच्या गोष्टी शिकवते. पहिली, सहा आवाजांची चाचणी. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्यातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. म, ऊ, आ, ई, श, स. 'म' खालच्या पट्टीत, 'स' अगदी वरच्या, आणि या सहांत बोलण्याची जवळजवळ सगळी पट्टी येते. परिपाठानंतर मुलाला जवळ बोलवायचं, तोंडासमोर कागद धरायचा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक आवाज काढायचा. मुलाने तो परत म्हणायचा किंवा ऐकू आला की बोट वर करायचं. आवाजांमधलं अंतर कमीजास्त ठेवायचं, नाहीतर मूल ठेक्यावरून अंदाज करतं. अर्ध्या मिनिटाचं काम. कालपर्यंत सहाही यायचे आणि आज 'श', 'स' गेले, तर यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात मळ अडकला असेल किंवा त्याच्या नळीत घामाचं पाणी. काहीच येत नसेल तर आधी सेल बघायचा.

तो सेल मी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवते. मसुराच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, पाठीला रंगीत कागदी पट्टी. तो जस्त-हवेचा सेल आहे. त्याची निम्मी सामग्री बाहेरच्या हवेतला प्राणवायू. पट्टी काढली की बारीक छिद्रातून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. त्यामुळे पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग यंत्रात बसवला तर चांगला चालतो. एकदा काढलेली पट्टी पुन्हा चिकटवून सेल फार वाचत नाही. यंत्र दिवसभर वापरलं तर तो साधारण आठवडा-दोन आठवडे पुरतो, म्हणजे महिन्यातून एखाद-दोन वेळा तो शाळेच्या वेळेतच संपू शकतो. शिक्षकाच्या टेबलाच्या खणात एक पाकीट असलं तर मुलाचा दिवस वाचतो. पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुडीसोबत डबीत ठेवायला घरच्यांना सांगायचं.

यंत्राने ज्यांचं भागत नाही अशीही मुलं आहेत, आणि त्यांच्या बाबतीत जगाने मोठी चूक केली. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना बोलूनच शिकवा, हातवारे नकोत, असा ठराव केला. पुढची कित्येक दशकं शाळांतून मुलांचे हात बांधून ठेवल्यासारखे झाले. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव फेटाळून खेद व्यक्त केला. मेंदूला भाषा हवी असते ती पहिल्या काही वर्षांत. ती कानातून आली की डोळ्यांतून, याचं त्याला वावडं नसतं. भारतीय सांकेतिक भाषेला तिचं स्वतःचं व्याकरण आहे, प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, भुवया आणि चेहरा अर्थ बदलतात. २०१५ मध्ये दिल्लीत तिच्या संशोधन आणि प्रशिक्षणाची संस्था सुरू झाली; २०१८ मध्ये सुमारे ३,००० शब्दांचा कोश आला, २०२१ मध्ये तो १०,००० वर गेला. हात वापरल्याने मूल बोलायचं सोडेल ही भीती पालक बोलून दाखवतात. मी त्यांना सांगते की आधी भाषा येऊ द्या, कुठलीही. शिक्षकाला पन्नास खुणा आल्या तर मुलाशी ओळख होते, पण पन्नास खुणा म्हणजे भाषा नव्हे. ती येते ती वापरणाऱ्या मोठ्या माणसांकडून.

त्यामुळे सत्राचा शेवटचा तास मी घेत नाही. तो एक कर्णबधिर प्रशिक्षक घेतात, आणि त्या तासाला खोलीत आवाज नसतो. पहिल्या पाच मिनिटांत दरवेळी तेच घडतं. शिक्षकांना टिपणं काढायची सवय. ते मान खाली घालून एक खूण वहीत उतरवतात, आणि वर बघेपर्यंत पुढच्या दोन निघून गेलेल्या असतात. मग शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं सुरू होतं. श्रुतलेखनाच्या तासाला कर्णबधिर मूल जे करतं, तेच. प्रशिक्षक थांबतात. एकेका बाकाकडे बघत, शेवटचं पेन खाली ठेवलं जाईपर्यंत आणि चाळीसही जोड डोळे वर येईपर्यंत वाट बघतात, आणि मगच पुढचं वाक्य सुरू करतात.